बायोफिल्म मोजायची की बघायची?

आपल्या मराठी वाङ्मय मंडळाच्या बैठकीत ई-अंकासाठी कोण कशावर लिहिणार याची यादी चालली होती. मी म्हटलं, "माझा लेख बायोफिल्मवर." सचिव असलेल्या मुलीनं वहीतून मान वर काढून विचारलं, "कोणाची, मॅडम? लता मंगेशकरांची?" दोन मिनिटं मलाच काही कळेना. तिनं बायोपिक ऐकलं होतं. मग सगळेच हसलो आणि माझ्या नावापुढे कोणीतरी 'सिनेमा' असं लिहूनही टाकलं.

तिचा तरी काय दोष! हा शब्द मराठीत अजून रुळलेला नाही. कुठे 'जैवपटल' लिहिलेलं दिसतं, कुठे 'जैवथर'. बोलताना दोन्ही कोणी वापरत नाही. पण ती वस्तू मात्र आपल्या रोजच्या ओळखीची आहे. पावसात बांयच्या जांभ्या दगडाच्या पायरीवरून पाय सटकतो तो थर; त्यात शेवाळ असतं, पण त्या शेवाळाच्या सोबतीला आणि बऱ्याचदा त्याच्या आधी जिवाणू येऊन बसलेले असतात. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की लागतं ते किटण. फुलदाणीतलं पाणी चार दिवस बदललं नाही की काचेला आतून येणारी बुळबुळ. जिवाणू कुठल्यातरी पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती शर्करा, प्रथिनं, डीएनए असा चिकट पसारा सोडतात आणि त्यात वस्ती करून राहतात. ती वस्ती म्हणजे बायोफिल्म. पाण्यात सुटा तरंगणारा जिवाणू आणि वस्तीतला तोच जिवाणू यांच्या वागण्यात फार फरक पडतो, आणि माणसाला त्रास होतो तो बहुतेक या फरकामुळे.

आता हा विषय वाङ्मय मंडळाच्या अंकात का, ते सांगते. आमच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला डेझर्टेशन असतं. या वर्षी एका विद्यार्थिनीनं विषय घेतला तो इमारतींच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांचा. टाकीच्या आतल्या भिंतीवर जमणारा थर तपासायचा. विषय तिचा स्वतःचा. त्यांच्या बिल्डिंगची टाकी धुवायला माणूस आला तेव्हा त्यानं खरवडून काढलेला बादलीभर चिखल तिनं पाहिला होता आणि हेच पाणी आपण भाजी धुवायला घेतो हे तिच्या डोक्यातून जाईना. मला हे फार आवडलं होतं. पण डिसेंबर संपेपर्यंत प्रयोग तीनदा फसला. एकदा कंट्रोलमध्येच वाढ दिसली. एकदा नाताळच्या सुट्टीत वीज गेली आणि इन्क्युबेटर बंद पडला तो कोणाला कळलाच नाही. तिसऱ्या वेळी आकडे एकमेकांशी जुळेनात.

जानेवारीत ती माझ्याकडे एक रंगीत प्रिंटआउट घेऊन आली. काळ्या पार्श्वभूमीवर लाल, निळे, हिरवे, पिवळे गोळे, त्यांना जोडणाऱ्या शेकडो बारीक रेषा. रांगोळीच म्हणा. "मॅडम, विषय बदलू? 'बायोफिल्म संशोधनाचे जागतिक प्रकाशन-कल' असा. लॅबचं काही काम नाही. पंधरा दिवसांत होतं. एका सेमिनारला सर भेटलेले, ते म्हणाले छापून पण देतो."

मला फक्त सही करायची होती. मी केली नाही, तिच्याकडे आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत मनात जे घोळलं ते इथे लिहितेय.

आधी अशा अभ्यासाची बाजू नीट मांडायला हवी, नाहीतर अन्याय होईल. याला ग्रंथमिती म्हणतात. कोणत्या विषयावर, कोणत्या देशातून, कोणत्या वर्षी किती लिहिलं गेलं आणि कोणी कोणाचा संदर्भ दिला हे मोजायचं शास्त्र. यात आपला माणूसही आहे: गणिताचे प्राध्यापक असताना ग्रंथपाल झालेले एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ साली इंग्लंडमधल्या एका परिषदेत 'लायब्रमेट्री' ही कल्पना मांडली होती. बिब्लिओमेट्रिक्स हा शब्द रूढ झाला तो १९६९ नंतर. त्याआधीच, १९६४ साली, फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनी सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आणला होता. आज त्याची जागा वेब ऑफ सायन्सनं घेतलीय, जोडीला २००४ पासून स्कोपस आहे, आणि फुकटात हवं असेल तर पबमेड. शोधचौकटीत 'बायोफिल्म' टाका, हजारो नोंदी उतरवून घ्या, नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात तयार झालेल्या व्हीओएसव्ह्यूअरसारख्या मोफत सॉफ्टवेअरला खायला घाला. रांगोळी तयार.

आणि त्या रांगोळीत खरी माहितीही असते. १९८० च्या आधी 'बायोफिल्म' शब्द शीर्षकात असलेले निबंध अगदी मोजके सापडतात; आज दरवर्षी हजारोंनी येतात. कल कुठे बदलला तेही दिसतं. बिल कॉस्टरटन आणि सहकाऱ्यांचा 'सायंटिफिक अमेरिकन'मधला १९७८ चा लेख जिवाणू कसे चिकटतात यावर होता. त्यांच्या निरीक्षणांतला मोठा भाग डोंगरातल्या ओढ्यांमधल्या दगडांवरचा होता. १९९० साली अमेरिकेत मोंटाना स्टेट विद्यापीठात बायोफिल्म इंजिनिअरिंगचं केंद्र निघालं. तिथे अभियंते आणि जीवशास्त्रज्ञ एका छपराखाली आले, म्हणून सांडपाणी, पाइपलाइन आणि रुग्णालय हे तीन विषय एकत्र बोलू लागले. १९९८ साली जिवाणूंच्या आपसातल्या रासायनिक 'बोलण्याचा' आणि बायोफिल्मचा संबंध 'सायन्स'मध्ये छापून आला आणि त्यानंतर जनुकशास्त्रवाले धावून आले. पुढे नॅनोकण आले, समुद्रातल्या प्लास्टिकवर बसणारे जिवाणू आले. देशांचंही तसंच. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या आकडेवारीत २०१६ साली सर्व विषयांच्या एकूण शोधनिबंधांत चीननं अमेरिकेला मागे टाकलं, आणि अलीकडच्या आकड्यांत भारत तिसरा आहे. बायोफिल्मच्या मोजणीतही हीच नावं वर दिसतात. हे सगळं जाणून घेण्यासारखं आहे, नाही कोण म्हणतं!

पण मोजणी सुरू होते ती एका शब्दापासून, आणि घोटाळा तिथेच आहे.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी आन्तोनी फान लेव्हेनहूक यानं १६८३ साली आपल्या दातांवरचं किटण स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाहिलं आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. त्यात एक बारीक निरीक्षण आहे. त्यानं व्हिनेगरनं दात धुतले, तर किटणाच्या वरच्या बाजूचे जीव मेले आणि आतले जिवंत राहिले. व्हिनेगर आतपर्यंत पोचलंच नाही. आज प्रतिजैविकांना बायोफिल्म का दाद देत नाही यावर जेवढं लिहिलं जातं, त्याचं एक मूळ या पत्रात आहे. आपल्या मंडळासाठी आणखी एक गोष्ट: या माणसाला लॅटिन येत नव्हतं, इंग्रजीही नाही. तो आयुष्यभर आपल्या बोलीच्या डचमध्ये लिहीत राहिला, भाषांतर करून घेणं हे सोसायटीचं काम. आता सांगा, 'बायोफिल्म' शब्द टाकून शोधलं तर हा माणूस सापडेल का?

तसाच मिनेसोटाचा आर्थर हेन्रीसी. १९३३ साली त्यानं साध्या काचेच्या पट्ट्या पाण्यात सोडून ठेवल्या, बाहेर काढल्या आणि सरळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पाण्यातले बरेच जिवाणू तरंगत नसतात, बुडालेल्या पृष्ठभागांवर वाढतात, असा त्याचा निष्कर्ष होता. कॅलिफोर्नियात ला होयाला क्लॉड झोबेल यानं समुद्रात असेच काचेचे तुकडे टाकले आणि १९३५ साली एस्थर अॅलन यांच्यासोबत दाखवून दिलं की जहाजाच्या बुडाला शिंपले, बार्नकल चिकटण्याच्या कामात आधी येऊन बसणाऱ्या या जिवाणूंच्या थराचा हात असतो. आपल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी बायोफिल्मवर जे काम चालत आलंय, त्याचा धागा मागे जाऊन तिथे पोचतो. पण हे सगळे लोक 'स्लाइम', 'फिल्म', 'पेरिफायटिक' असले शब्द वापरत. मोजणीत ते नाहीत. मग आलेख शून्यापासून सुरू होतो आणि एकदम वर जातो. पाहणाऱ्याला वाटतं ज्ञान वाढलं. त्यातला काही भाग तरी फक्त शब्द पसरल्याचा असतो, हे लिहिणारा सांगत नाही, कारण त्यालाही ते दिसलेलं नसतं.

यापेक्षा मला जास्त टोचणारी गोष्ट वेगळी आहे. बायोफिल्मवरचे कोणतेही दहा निबंध उघडा, त्यांतल्या तीन-चारांच्या पहिल्याच परिच्छेदात तुम्हाला वाक्य भेटेल: माणसाच्या शरीरातल्या जिवाणूजन्य संसर्गांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बायोफिल्ममुळे होतात. मीसुद्धा हे वर्गात कित्येक वर्षं सांगितलं, कबूल करते. या आकड्याचा माग काढत गेलात तर निबंधावरून निबंध करत तुम्ही शेवटी पोचता ते अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थनं २००२ साली काढलेल्या एका सूचनेपाशी. संशोधनासाठी पैसे देऊ, प्रस्ताव पाठवा, अशी ती सूचना. त्यात हा आकडा एका वाक्यात आहे. कोणी किती रुग्ण मोजले, कुठल्या इस्पितळात, याचा तिथे पत्ता नाही. तरी तो आकडा जगभर फिरतोय, एकानं दुसऱ्याचा आधार घेत. आणखी एक असाच: जगातले ९९ टक्के जिवाणू बायोफिल्ममध्येच राहतात. २०१९ साली हान्स-कर्ट फ्लेमिंग आणि स्टेफान वुअर्ट्झ यांनी जमीन, समुद्र, खोल भूगर्भ अशी एकेक जागा घेऊन हिशोब मांडला, तेव्हा पृथ्वीवरच्या पेशींसाठी अंदाज निघाला ४० ते ८० टक्के. केवढी मोठी दरी आहे बघा. तेच प्रामाणिक उत्तर.

संदर्भ मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला या दोन प्रकारांतला फरक कळत नाही. त्याला एवढंच कळतं की अमुक निबंधाचा उल्लेख अमुक वेळा झाला. ज्याचा उल्लेख जास्त त्याचा गोळा मोठा. न तपासता शेजाऱ्याची वही उतरवून काढली तरी गोळा वाढतोच. आम्ही वर्गात मुलांना कॉपीसाठी पकडतो, आणि इथे? असो.

आता आपल्या घरचं बोलू. भारत वरच्या क्रमांकावर आहे म्हटल्यावर छाती फुगते, पण आपल्याकडच्या कॉलेजांतून बायोफिल्मवर जे येतं त्यात एक साचा इतका वेळा येतो की मला तो न मोजताही सांगता येतो. एक वनस्पती घ्यायची: कडुनिंब, तुळस, दालचिनी, पेरूचं पान, जे परसात असेल ते. तिचा अर्क काढायचा. ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट घ्यायची, त्यात स्यूडोमोनास एरुजिनोसा नाहीतर स्टॅफिलोकोकस ऑरियस वाढवायचा, क्रिस्टल व्हायोलेटनं रंगवायचं, रंग किती धरला ते मोजायचं. अर्कानं रंग कमी झाला की निबंध तयार. प्लेटची ही पद्धत १९८५ साली क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी मांडली आणि ती वाईट मुळीच नाही. स्वस्त आहे, ग्रॅम स्टेनिंगचा तोच रंग आमच्या कपाटात असतो, म्हणून तर आम्ही वापरतो. पण तो रंग मेलेल्या पेशींनाही लागतो आणि नुसत्या चिकट पसाऱ्यालाही. आणि प्लेटमधला चोवीस तासांचा थर म्हणजे गच्चीवरच्या टाकीतला दोन वर्षांचा थर नव्हे. या तिघाचौघा 'प्रसिद्ध' जिवाणूंवर सगळं जग काम करतं आणि मग त्यांच्यावरून बांधलेलं चित्र सगळ्या बायोफिल्मचं म्हणून पुस्तकात जातं. पाच पायऱ्यांचं जे चित्र आम्ही फळ्यावर काढतो, चिकटणं, घट्ट धरणं, वाढणं, पिकणं, सुटणं, ते मुख्यतः प्रयोगशाळेतल्या स्यूडोमोनासवरून आलंय. ज्यांच्या २००२ च्या कामातून ते रूढ झालं त्या कारिन साउअर यांनीच २०२२ साली सहकाऱ्यांसोबत लिहिलं की खऱ्या जगात हे चित्र अपुरं पडतं, आणि तीन टप्प्यांचं जास्त सैल चित्र सुचवलं. आपण मांडलेलं चित्र वीस वर्षांनी स्वतःच दुरुस्त करायला मन मोठं लागतं. असल्या गोष्टीला रांगोळीत कुठला रंग द्यायचा?

इथे मी थोडं घरचं सांगते. बाबांना शेवटच्या दीड वर्षात लघवीची नळी होती. ताप यायचा, डॉक्टर अँटिबायोटिक द्यायचे, ताप उतरायचा, आठ-दहा दिवसांनी परत हजर. घरी ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनं एक दिवस नळीची पिशवी उजेडात धरून पाहिली आणि मला म्हणाली, "बाय, गोळ्यांनी नुसतं व्हायचं नाही. नळी बदलून घ्या. आतून धरतं ते." डॉक्टरांना फोन केला, त्यांनी नळी बदलली आणि मग औषधाचा गुण आला. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते! निकेल आणि सहकाऱ्यांचा १९८५ चा प्रयोग मला पाठ आहे: लघवीच्या नळीच्या रबरावरचा स्यूडोमोनास. सुट्या पेशी टोब्रामायसिनच्या मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅममध्ये आठ तासांत मेल्या, आणि नळीवर थर धरून बसलेल्यांपैकी बऱ्याच १,००० मायक्रोग्रॅममध्ये बारा तास ठेवूनही जिवंत राहिल्या. वीसपट औषध! हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण घरात, बाबांच्या खाटेपाशी, ते मला सुचलं नाही, सिस्टरला सुचलं. तिनं 'बायोफिल्म' हा शब्द कधी ऐकला असेल असं मला वाटत नाही.

म्हणून मला प्रश्न पडतो की हे हजारो निबंध नक्की कोणासाठी लिहिले जातायत. ज्याच्या घरी नळी आहे, कवळी आहे, मधुमेहाची न भरणारी जखम आहे, त्याच्यापर्यंत यातलं काय पोचतं? कवळी रात्री काढून ब्रशनं घासा, नुसती पाण्यात बुडवून ठेवू नका, कारण थर घासल्याशिवाय सुटत नाही, एवढं एक वाक्य मराठीत, कोकणीत नीट लिहून घरोघर गेलं तर किती बरं होईल. ते वाक्य कुठल्याच मोजणीत येणार नाही आणि लिहिणाऱ्याला एकही गुण मिळणार नाही.

गुणांचा विषय निघालाच आहे तर बोलते. २०१० पासून आम्हा शिक्षकांच्या बढत्यांना एपीआय नावाचे गुण जोडले गेले आणि छापील निबंधाला भाव आला. नॅकच्या फायलीतही दरडोई निबंधांचा रकाना असतो. मागणी आली की पुरवठा होतोच. 'बहात्तर तासांत स्वीकृती' म्हणणारे ईमेल मला आठवड्याला तीन-चार तरी येतात. एकानं तर मला 'डिअर सर' म्हणून समुद्री अभियांत्रिकीवर लिहायला बोलावलं. २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची छाननी मांडली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांना उतरली नाहीत. त्याच वर्षी यूजीसीनं ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढून टाकली. २०२२ च्या नियमांत पीएच.डी.च्या आधी निबंध छापलाच पाहिजे ही अटही गेली. चांगलं झालं. पण सवय नियमाबरोबर जात नाही. आता तीच सवय एम.एस्सी.च्या मुलांपर्यंत उतरलीय आणि तिचं सगळ्यात सोपं रूप म्हणजे हा कल-अभ्यास. हात ओले करायला नकोत, प्लेट फसत नाही, वीज गेली तरी लॅपटॉपला बॅटरी असते.

यावर माझ्याच विभागातल्या एका सहकाऱ्यानं मला चांगलं सुनावलं. "तुला बोलायला काय जातं? आपल्याकडे कॉन्फोकल मायक्रोस्कोप नाही, पैसा नाही. या मुलांना मोंटानात कोण बोलावणार? पबमेड फुकट आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे. गरीब कॉलेजच्या मुलानं जगाच्या पातळीवर काहीतरी करून दाखवायला हा एकच रस्ता उघडा आहे, तो पण बंद कर." मला पटकन उत्तर देता आलं नाही. यात तथ्य आहेच. मोजणी नीट केली, शब्द बदलत गेले त्याचा शोध घेतला, हजार नोंदींपैकी शंभर तरी खरंच वाचल्या, ८० टक्क्यांसारखा एखादा आकडा धरून त्याच्या उगमापर्यंत चालत गेलं, तर तो अभ्यास मी आनंदानं सही करून देईन. त्याला पंधरा दिवस पुरत नाहीत, वर्ष लागतं. मला आक्षेप आहे तो न वाचता मोजण्याला. आणि त्याहून जास्त या समजुतीला, की महागडं यंत्र नाही म्हणजे बघायचं काही उरलंच नाही.

आठव्या दिवशी ती विद्यार्थिनी आली. मी तिला हे सगळं सांगितलं नाही, कंटाळली असती. हेन्रीसीच्या काचेच्या पट्ट्यांची गोष्ट तेवढी सांगितली. म्हटलं, "अगं, १९३३ साली त्याच्याकडे काय होतं? तुझ्याकडे त्याच्यापेक्षा चांगला मायक्रोस्कोप आहे." ती म्हणाली, "पण मॅडम, हे छापेल कोण?" मी खरं तेच सांगितलं, की बहुतेक कोणी नाही. आणि आधीचे तीन फसलेले प्रयोगही डेझर्टेशनमध्ये लिही, कुठे काय चुकलं त्यासकट. मार्क कापले गेले तर परीक्षकांशी मी भांडेन. ती काही खूश होऊन गेली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते. तिला पुढे पीएच.डी.ला अर्ज करायचाय आणि तिच्याबरोबरच्या दोघांच्या नावावर आता एकेक निबंध आहे. तिचं नुकसान झालं तर त्यात माझा वाटा असेल, हे मला माहीत आहे.

गेल्या सोमवारी तिनं आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवरच्या टाकीत नायलॉनच्या दोरीला बारा काचपट्ट्या बांधून सोडल्या. वॉर्डन सिस्टरांची परवानगी घेतली, आधी सगळ्या पट्ट्या उकळून घेतल्या. हॉस्टेलच्या मुलींनी वर येऊन टाकीत डोकावून बघितलं आणि दोघींनी त्याच संध्याकाळी पाण्याचा फिल्टर कधी बदलला होता म्हणून मेसमध्ये चौकशी केली. पहिल्या दोन पट्ट्या पुढच्या मंगळवारी काढायच्या आहेत. मंडळातल्या ज्या कोणाला बायोफिल्म प्रत्यक्ष पाहायचीय, त्यांनी दुपारी अडीच वाजता लॅबमध्ये यावं. तिकीट नाही, आणि सचिवबाईंनी पहिल्या रांगेत बसायचंय.